पूर्ववचनांचे अवतरण : नवा करार आणि गुरुग्रंथसाहिब

उत्तरकालीन धर्मग्रंथ प्राचीन वचने कोणत्या रीतीने उद्धृत करतो, यावरून पूर्वपरंपरेशी असलेले त्याचे नाते कळते. या दृष्टीने ख्रिस्ती लोकांचा नवा करार आणि शिखांचा गुरुग्रंथसाहिब यांची तुलना उद्बोधक ठरते.

नव्या कराराचे लेखक यहुदी शास्त्रवचने पुष्कळदा मूळ हिब्रूवरून न घेता ग्रीक भाषांतरावरून घेतात. यशयाच्या ग्रंथात (७:१४) 'अल्मा', म्हणजे तरुण स्त्री, असा शब्द आहे. ग्रीक भाषांतरात त्या जागी 'पार्थेनॉस', म्हणजे कुमारिका, हा शब्द आला. मत्तयाने (१:२३) तोच स्वीकारून संदेष्ट्याचे वचन येशूच्या जन्माने पूर्ण झाले असे प्रतिपादन केले. वचन जुने, परंतु त्याचा अर्थ नव्या घटनेने ठरविला. या एका शब्दावरून यहुदी व ख्रिस्ती पंडितांमध्ये दुसऱ्या शतकापासून वाद चालत आला आहे.

गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली सिद्ध केलेल्या ग्रंथाची रीत निराळी आहे. त्यात नामदेवांची ६१ पदे त्यांच्याच नावाखाली, सबंध पदांच्या रूपात घेतलेली आहेत. त्यांची भाषा बहुतांशी उत्तरेकडील वळणाची व लिपी गुरुमुखी असली, तरी 'चे' हा मराठी षष्ठीचा प्रत्यय आणि विठ्ठलाचे नाव त्यांत टिकून आहे. पूर्ववचनाशी मतभेद असेल अथवा त्याचा खुलासा करावयाचा असेल, तेथे मूळ वचनाला हात न लावता त्याच्या शेजारी गुरूंचे वचन ठेविले जाते. शेख फरीदांच्या श्लोकांत असे अनेक ठिकाणी आढळते. कबीरांच्या श्लोकांत तर त्रिलोचन व नामदेव यांचा संवादच अवतरला आहे. अर्थात कोणती पदे घ्यावीत ही निवड संपादकाचीच; तोही एक प्रकारचा अर्थनिर्णयच होय.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या भेदाचे महत्त्व मोठे आहे. 'अल्मा' शोधण्यासाठी मत्तयाला सोडून हिब्रू ग्रंथाकडे वळावे लागते. 'चे' मात्र अवतरणातच सापडतो. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी नांदेड येथे ग्रंथाला गुरुपद दिले. परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानलेली नरसी तेथून फार दूर नाही. गोदातीराच्या परिसरातून उत्तरेत गेलेली वाणी अशा रीतीने गुरुवाणी होऊन गोदातीरी परतली, आणि येताना आपला प्रत्यय घेऊन आली.