नाममुद्रेचे मोल

नीतीचा उपदेश करणाऱ्या काव्याची मराठीत कधीच वाण नव्हती. गीतेच्या तेराव्या अध्यायावर लिहिताना ज्ञानेश्वरांनी अमानित्व, अदंभित्व, अहिंसा या गुणांचे इतके सविस्तर विवरण केले आहे की, शीलाविषयी त्याहून अधिक काही सांगावयाचे राहिले असेल असे वाटत नाही. प्रश्न उरतो तो आचरणाचा. शब्दाच्या प्रामाणिकपणासाठी कवी स्वतः कोणती किंमत मोजतो?

त्याच शतकातील महानुभाव कवी नरेंद्र याच्या चरित्रात याचे उत्तर आहे. परंपरा सांगते की, देवगिरीचा राजा रामदेवराव यादव याला नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ इतके आवडले की, काव्यावर आपली नाममुद्रा घातल्यास ओवीमागे सोन्याचा टंक देण्याची त्याने तयारी दर्शविली. नरेंद्राने नकार दिला. पोथी राजाकडेच राहिली आणि स्मरणात उरलेल्या सुमारे नऊशे ओव्यांनिशी कवी बाहेर पडला.

हे वाङ्मय पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके झाकलेले राहिले. ते उजेडात आणणाऱ्या संशोधकांत यवतमाळचे य. खु. देशपांडे अग्रगण्य होत. त्यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ 1925 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून नरेंद्राचा वारसा यवतमाळकरांवर विशेष जबाबदारी टाकतो.

ती जबाबदारी सोपी नाही. 2019 च्या जानेवारीत याच नगरीत 92 वे मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण परत घेण्यात आले. संमेलनाध्यक्षा अरुणा ढेरे यांनी त्याबद्दल जाहीर नापसंती व्यक्त केली, हे त्यातल्या त्यात समाधान. मोहाला नाही म्हणणे कठीण खरे; भीतीला नाही म्हणणे त्याहून कठीण.

आपल्यासारख्या सामान्यांकडे राजा सोने घेऊन येत नाही. परंतु वरिष्ठांच्या मर्जीसाठी फिरवलेली टिपणी, विद्यार्थ्याच्या श्रमावर उमटलेले अध्यापकाचे नाव, विकत आणलेला प्रबंध या साऱ्यांत नाममुद्रेचाच सौदा असतो. तो रोज लहान रकमेत होतो, इतकेच.

राजाकडे राहिलेली ती संपूर्ण पोथी आज कोठेही उपलब्ध नाही. उरले आहे ते अपुरे काव्य, आणि ते नरेंद्राच्याच नावाने वाचले जाते.