धर्मप्रचारक : भिवंडीतले समज आणि वस्तुस्थिती

अस्रची नमाज झाली की भिवंडीतल्या कुठल्या ना कुठल्या मोहल्ल्यात पाच-सात माणसं मशिदीतून बाहेर पडतात. पुढे असतो तो रहबर, त्याच मोहल्ल्यातला, घर न् घर ओळखणारा. त्याच्याबरोबर मुतकल्लिम, बोलण्याचं काम त्याच्याकडे. बाकीच्यांनी नजर खाली ठेवून मनातल्या मनात अल्लाहचं नाव घेत चालायचं. यंत्रमागाच्या शेडपाशी आले की कामगाराला हाक मारून बाहेर बोलावतात, कारण मागांच्या खडखडाटात आत काही ऐकूच येत नाही. बोलणं दोन मिनिटांचं : नमाजला चला, नंतर थोडा वेळ मशिदीत बसा. याला गश्त म्हणतात, आणि ती घालणारी ही तबलिगी जमात.

ही मंडळी हिंदूंना मुसलमान करायला फिरतात, हा तिच्याबद्दलचा सगळ्यात पसरलेला गैरसमज. मौलाना मुहंमद इल्यास यांनी १९२०च्या दशकात मेवातमध्ये हे काम सुरू केलं ते मुसलमानांसाठीच; नावाने मुसलमान, पण नमाज-कलम्याशी संबंध न उरलेल्या शेतकऱ्यांसाठी. आजही गश्तीचा रोख तोच आहे. जमातीत निघणारा माणूस तीन दिवस, चाळीस दिवसांचा चिल्ला किंवा चार महिने काढतो. वळकटी, स्टोव्ह, शिधा बरोबर, मुक्काम मशिदीत, खर्च स्वतःच्या खिशातून. सगळे मुसलमान त्यांच्या पाठीशी आहेत असंही नाही. बरेलवी पंथीयांचा या जमातीला जुना आणि कडवा विरोध आहे. २०२०च्या साथीत तर जमात म्हणजे रोग पसरवणारी टोळी, असं चित्र रंगलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आलं, असं निकालात नमूद केलं. गुन्ह्यांच्या बातम्या घराघरांत पोचल्या, निकालाची पोचली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मिशनरी म्हणजे झगा घातलेला गोरा पाद्री, हे दुसरं चित्र. आपल्या भागात धर्मप्रचार त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. त्यातला एक, १८८२ साली मिळालेला, आठव्या लेखाचा आहे. त्या लेखाचा विषयच असा की पूर्वीचे राजे शिकारीला निघत, हा राजा धम्मयात्रेला निघतो, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटतो, त्यांच्याशी धम्मावर बोलतो. श्रीलंकेचा महावंस सांगतो की अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, पाठवलेला थेर धम्मरक्खित हा यवन, म्हणजे ग्रीक, होता. परदेशी प्रचारक इथे पहिल्यांदा आला तो असा, चीवर पांघरून. भिवंडी तालुक्यातच लोनाडला बौद्ध लेणं आहे. आता तिथे खांडेश्वरी देवीची पूजा होते.

ख्रिस्ती प्रचारक आले ते राज्यकर्त्यांचा हात धरून, असं सरसकट म्हटलं जातं. पोर्तुगिजांच्या बाबतीत ते खरं आहे, आणि त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. त्यांच्या मुलखात देवळं पाडली गेली, अनाथ हिंदू मुलं पाद्र्यांच्या ताब्यात देण्याचे कायदे झाले. उत्तर कोकणात १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा ती सत्ता संपली. लोकांच्या मनातल्या संशयाचं मूळ तिथे आहे. पण १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा वास्को द गामा यायला पावणेदोनशे वर्षं होती. त्यांच्यामागे ना राजा होता ना फौज. ते उतरले होते ठाण्यातल्याच एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे. आणि इंग्रजांचं म्हणाल तर कंपनी सरकारला मिशनरी नकोच होते. धर्मावरून रयत बिथरली तर व्यापार बुडेल, ही धास्ती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन १८१३च्या सुरुवातीला मुंबईत उतरले, तर त्यांना निघून जायचा हुकूम झाला. १८१३च्या सनदेनंतरच मिशनऱ्यांना रस्ता मोकळा झाला.

त्यांच्या शाळेत गेला तो बाटला, हाही असाच समज. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला सिंथिया फॅरार बाईंची मुलींची शाळा पाहून त्यांनी पुण्यात तसं काम उभं केलं. ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज काढला. दुसरीकडे विष्णुबावा ब्रह्मचारी १८५७मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. मला ही गोष्ट मोलाची वाटते : प्रचाराला उत्तर प्रचाराने दिलं जात होतं, हजारो लोक ऐकायला जमत होते.

कायद्याबद्दलही दोन्ही बाजूंनी अर्धवट बोललं जातं. घटनेच्या कलम २५ने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की आपल्या धर्माची शिकवण समजावून सांगणं त्यात येतं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणणं हा हक्क त्यात येत नाही.

राहता राहिला, मिशनरी आले की लोक भराभरा धर्म बदलतात हा समज. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी आहेत, एवढी शतकं प्रचार होऊन. बौद्ध ६५ लाखांवर आहेत, आणि त्यांतले बहुतेक १९५६च्या नागपूरच्या दीक्षेपासूनचे. तिथे परका प्रचारक दारोदार फिरला नव्हता. बाबासाहेबांनी १९३५ला येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा निरनिराळ्या धर्मांचे पुढारी त्यांना आपल्याकडे या म्हणून विनवत राहिले. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि स्वतःचा निर्णय करायला एकवीस वर्षं घेतली.