मनोऱ्याच्या वाटेवर

तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसल्यांचा मराठी इतिहास वाचता वाचता मान अवघडली आहे. आता गाडी पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याला लागते. दोन्ही अंगांना भातखाचरं. मागून येणारी बस हॉर्नवरचा हात न काढताच पुढे निघून जाते.

"मनोऱ्याला काय आहे, अण्णा?" मी ड्रायव्हरला विचारतो.

"समुद्र आहे, सार. रविवारी पोरं येतात."

ओरत्तनाडला मी गाडी थांबवायला सांगतो. रस्त्यालगतच मुक्तांबाळ छत्र, म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा, उभं आहे. जोत्याला दगडी हत्ती-घोडे जुंपलेले, जणू अख्खी इमारत रथासारखी निघालीय रामेश्वराला. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी आपल्या लाडक्या मुक्तांबाळच्या नावाने हे बांधलं. मरताना तिनेच तसं मागितलं होतं, असं सांगतात. १७९९च्या तहाने राज्य ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं, राजाच्या हाती किल्ला आणि थोडासा भोवताल उरला. छत्रं तरी आपल्याकडे राहू द्या, म्हणून १८०१मध्ये त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहिलं. इथे वाटसरूंना जेवण मिळतं, आजाऱ्याला वैद्य मिळतो, पोरक्या लेकरांना दूध मिळतं, असं त्यात सांगितलं. राज्य गेलेल्या राजाने एवढंच मागावं! मी खांबांमधून फिरतो. सावली गार आहे, भिंतींना मात्र डागडुजी हवी आहे.

पट्टुक्कोट्टैच्या पुढे नारळीच नारळी. मधेच मोकळी जागा दिसते तशी ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक हात उचलून म्हणतो, "गजा." नोव्हेंबर २०१८च्या त्या चक्रीवादळाने या भागातल्या बागा आडव्या केल्या. यावर तो जास्त बोलत नाही.

शरभेंद्रराजपट्टिनम. गावाच्या नावातला शरभेंद्र म्हणजे आपले सरफोजीच. तटाच्या आत सहा बाजूंचा, आठ मजली, वर निमुळता होत गेलेला मनोरा. खाऱ्या वाऱ्याने डोळे चुरचुरतात. शिळेवरचा मजकूर असा: इंग्रजांचे मित्र सरफोजी महाराज यांनी ब्रिटिश फौजांचा विजय आणि बोनापार्टचा पाडाव यांच्या स्मरणार्थ हा स्तंभ उभारला, १८१४. त्या साली नेपोलियन एल्बा बेटावर गेला खरा, पण पुढच्याच वर्षी तिथून निसटून पुन्हा पॅरिसात आला! वॉटर्लू अजून व्हायचं होतं. महाराजांनी जरा घाईच केली. ज्यांनी राज्य गिळलं त्यांच्याच विजयाचा हा स्तंभ पाहताना मला हसू येतं, आणि थोडी चीडही.

खाली दोन मुलं पतंग उडवताहेत, आई त्यांना जेवायला हाका मारतेय.

तंजावरला आलेला मराठी माणूस देऊळ, राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहून कुंभकोणमच्या गाडीत बसतो. अर्धा दिवस काढा आणि या वाटेने या. मनोरा राहिला तरी चालेल, पण ओरत्तनाडला उतराच. सरफोजींचं खरं मोठेपण तिथे आहे.