टॅपेट कव्हरमधून ऑइल का गळते?

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या हंगामाची तयारी सुरू होते. गेवराई तालुक्यातील उमापूरसारख्या गावांच्या परिसरातून मजुरांच्या टोळ्या दूरच्या साखर कारखान्यांकडे निघतात. जाताना माणसे आणि भांडीकुंडी, तिथे पोचल्यावर तोडलेला ऊस, हे सारे पुष्कळदा ट्रॅक्टरच ओढतो. तो ऐन हंगामात बंद पडला तर मालकाचा हप्ता थकतो आणि टोळीने घेतलेली उचलही फिटत नाही. म्हणून निघण्यापूर्वी ट्रॅक्टर तपासला जातो आणि एक तक्रार हमखास निघते : इंजिनाच्या डोक्यावरून ऑइल गळते. यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे पाना घेऊन बोल्ट आणखी आवळणे. त्याने गळती पुष्कळदा वाढते! असे का व्हावे, ते आपण पाहू या.

झाकणाखाली काय असते?

इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाला गॅरेजमध्ये ‘टॅपेट कव्हर’ म्हणतात. त्याखाली व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर असतात. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 1000 वेळा उघडतो. या हालचालीला वंगण म्हणून तेथे ऑइल पोचवलेले असते. रॉकरवरून उडणारे ऑइल झाकणाच्या आतल्या बाजूवर आपटते आणि ओघळून खाली जाते. म्हणजे झाकणाला ऑइलचा मोठा दाब सोसावा लागत नाही, फक्त शिंतोडे अडवावे लागतात. मग एवढे सोपे काम बिघडते कशाने?

पॅकिंगचे काम

धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही सपाट दिसले, तरी त्यांच्यात बारीक उंचसखलपणा असतोच. तो भरून काढण्यासाठी मध्ये बुचाचे किंवा रबराचे पॅकिंग घालतात. बूच म्हणजे रॉबर्ट हूकने ज्यात 1665 साली ‘पेशी’ पाहिल्या, तेच. त्या पेशींमध्ये हवा असते. म्हणून बूच दाबले तर ते चेपते, पण बाजूला फारसे पसरत नाही. रबराचे उलट आहे. खोडरबर चिमटीत दाबून पाहा, ते बाजूने फुगते. रबराचे आकारमान जवळजवळ बदलत नाही, त्याला पसरायला जागा लागते. ते प्रमाणाबाहेर आवळले तर खोबणीबाहेर येते किंवा चिरते.

पॅकिंगला आणखी एक त्रास असतो. समजा, 40 सेंमी लांबीचे ॲल्युमिनियमचे झाकण बिडाच्या हेडवर बसवले आहे. दोन्हींचे तापमान 70 अंश सेल्सिअसने वाढले, तर झाकण सुमारे 0.64 मिमी लांबते, बीड मात्र सुमारे 0.31 मिमीच. हा फरक इंजिन तापताना आणि थंड होताना दर वेळी पॅकिंगला सोसावा लागतो. ताजे पॅकिंग लवचीक असते, ते सांभाळून घेते. वर्षानुवर्षे उष्णता आणि ऑइल सोसून ते कडक होते आणि मग फटी उरतात.

जास्त आवळल्याने काय होते?

पत्र्याचे झाकण बोल्टापाशी आवळले की तेथे खोलगट होते आणि दोन बोल्टांच्या मधला भाग किंचित उचलला जातो. ऑइल तेथूनच वाट काढते. आपण आणखी आवळतो, फट आणखी वाढते.

झाकणाच्या बोल्टांना फार थोडे बल पुरते. किती, ते त्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. समजा ते 8 न्यूटन-मीटर आहे. पाना 15 सेंमी लांब असेल तर टोकाला लागणारे बल 8 ÷ 0.15, म्हणजे सुमारे 53 न्यूटन. साडेपाच किलोग्रॅम वजनाएवढे. शाळेतला ताणकाटा पान्याच्या टोकाला अडकवून काटकोनात ओढला, तर विद्यार्थी हे प्रत्यक्ष मोजू शकतात. माणूस सहज जोर लावतो तो याच्या कितीतरी पट असतो, हेही त्यांना कळेल.

दोष झाकणाचा की श्वासाचा?

ज्वलनाचा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली येतो. तो बाहेर जावा म्हणून इंजिनाला ‘ब्रीदर’ असतो. ब्रीदर धुळीने आणि काजळीने तुंबला की आत दाब साठतो. हा दाब फक्त 20 सेंमी पाण्याच्या स्तंभाएवढा, म्हणजे सुमारे 2000 पास्कल धरू. झाकण 40 सेंमी × 15 सेंमी असेल तर क्षेत्रफळ 0.06 चौरस मीटर. त्याला आतून वर ढकलणारे बल सुमारे 120 न्यूटन, म्हणजे 12 किलोग्रॅम वजनाएवढे. मग नवे पॅकिंगही ओलावते.

हे तपासणे सोपे आहे. इंजिन बंद असताना लांब पारदर्शक नळीचे एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवावे आणि पुढचा भाग ‘यू’ आकारात वाकवून त्यात पाणी भरावे. इंजिन मंद गतीवर चालू करून दोन्ही भुजांतील पातळ्यांमधला फरक पाहावा. तो ठळक असेल तर ब्रीदर साफ करावा. तरीही फरक राहिला, तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेले असण्याची शक्यता मोठी. तेव्हा पॅकिंगवर पैसे घालवण्याऐवजी इंजिनच तपासून घ्यावे.

दुरुस्तीचा क्रम

पंख्याचा वारा ऑइल मागे उडवतो, म्हणून डाग दिसतो तेथेच गळती असते असे नाही. थंड इंजिन रॉकेलने पुसून कोरडे करावे आणि सांध्यावर खडूची पूड लावावी. दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवून बंद करावे. पूड सर्वांत वर जेथे भिजेल, तेथे गळतीचे मूळ.

झाकण काढण्यापूर्वी भोवतालची धूळ झाडावी, नाहीतर ती व्हॉल्व्हवर पडते. जुने पॅकिंग लाकडी पट्टीने खरवडावे. लोखंडी पात्याने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. झाकणाची कड सपाट काचेवर ठेवून पाहावी. बोल्टापाशी पत्रा वाकला असेल तर उलट बाजूने हलके ठोकून सरळ करावा. दोन्ही पृष्ठभाग कोरडे करून नवे पॅकिंग बसवावे. बोल्ट आधी हाताने फिरवावेत, मग मधल्यापासून बाहेरच्या बाजूला, समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळावा.

थेंबाचा हिशेब

ऑइलचे थेंब मोजून 5 मिलिलिटरला किती लागतात ते विद्यार्थ्यांनी काढावे. एक थेंब 0.03 मिलिलिटरचा निघाला आणि दर दोन सेकंदांना एक गळत असेल, तर तासाला 54 मिलिलिटर, दहा तासांत अर्ध्या लिटरहून अधिक! डिपस्टिक रोज पाहिली नाही, तर वंगणाविना बेअरिंग धरतात. शिवाय ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले आणि भोवती वाळलेले पाचट असले, तर आगीची भीती असते. गावातील मिस्त्रींना वर्गात बोलावून एक जुने झाकण दाखवायला सांगावे. बोल्टांच्या छिद्रांभोवतीचे खळगे मुलांनी बोटाने चाचपून पाहावेत आणि ते कसे पडले, हे मिस्त्रींना त्यांनीच समजावून सांगावे.