लिस्ट्रोसॉरसच्या जाती नेमक्या किती?

आज आपण अकरावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलमधला व्हर्नियर कॅलिपर घेऊन पंचवीस कोटी वर्षं मागे जाणार आहोत. मध्ये थोडी आकडेमोड आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आपला हिरो आहे लिस्ट्रोसॉरस. साधारण डुकरासारखा बांधा, कासवासारखी चोच आणि वरच्या जबड्यात दोन सुळे. जुन्या पुस्तकांत याला ‘सस्तनसदृश सरीसृप’ म्हणतात. मला ते नाव पटत नाही. सरीसृपांची शाखा आणि आपली शाखा त्याच्या कितीतरी आधी वेगळी झाली होती, आणि हा गडी आपल्या बाजूचा. थेट पूर्वज नाही, लांबचा चुलत नातेवाईक म्हणा हवं तर.

दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागात याच्या कवट्या ढिगानं सापडतात. त्यातल्या एका जातीचं, ‘मरेयी’चं, वर्णन थॉमस हक्सलीनं १८५९ मध्ये केलं. पुढे नावांचा पाऊस पडला. हिचं मुस्कट जास्त उभं, हिच्या डोळ्यांवर कंगोरे, ही फारच मोठी... की दिलं नवं नाव! असं करत करत वीसहून जास्त जाती कागदावर आल्या.

गडबड कुठे आहे, कळतंय? तुमचा बारशाचा फोटो आणि आधार कार्डावरचा फोटो शेजारी ठेवा. बाळाचे डोळे चेहऱ्याच्या मानानं मोठे, कारण बाकीचा चेहरा नंतर भराभर वाढतो. समजा, एक कवटी १० सेंटीमीटर लांब आहे आणि डोळ्याची खोबण ३ सेंटीमीटर. दुसरी कवटी २० सेंटीमीटर, खोबण साडेचार. पहिलीत खोबण लांबीच्या ३० टक्के, दुसरीत साडेबावीस. दोन वेगळ्या जाती? की एकाच जातीतलं पिल्लू आणि मोठा?

दोन कवट्यांवरून हे ठरत नाही. अनेक कवट्या हव्यात. प्रत्येकीची लांबी, खोबण, मुस्कट, दोन डोळ्यांमधलं अंतर मोजायचं. मग आकड्यांचे लॉग घेऊन (हो, तेच लॉग टेबलवाले!) ग्राफवर ठिपके मांडायचे. लहानमोठे सगळे ठिपके एकाच सरळ रेषेच्या आसपास पडले, तर बहुधा एकाच जातीची वाढ आपण बघतोय. दोन वेगळ्या रेषा दिसल्या, तर दोन जाती असू शकतात. किंवा नर आणि मादी! डायिक्टोडॉन नावाच्या याच्याच एका नातेवाइकाच्या काही कवट्यांना सुळे आहेत, काहींना नाहीत. आणि तो फरक नर-मादीचा असावा, असं अभ्यासक मानतात.

आणखी एक डोकेदुखी आहे. खडकाच्या वजनाखाली कवटी चेपते. वरून दाबली गेली तर रुंद दिसते, बाजूनं दाबली गेली तर अरुंद. कॅलिपर बिचारा चेपलेलंच माप देणार. म्हणून मला वाटतं, नुसत्या ग्राफवर जाती ठरवू नयेत. हाडांचे सांधे, कंगोरे डोळ्यांनीही बघायला हवेत.

फ्रेडरिक ग्राइन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कारूच्या कवट्यांचा असा पडताळा घेतला, तेव्हा उरल्या फक्त चार जाती: मरेयी, डेक्लिव्हिस, कर्व्हेटस आणि मॅकेगी.

नावं कमी झाली, त्यात एवढं काय? तर लिस्ट्रोसॉरस पर्मियन काळाच्या शेवटच्या महाविनाशाच्या अलीकडेही सापडतो आणि पलीकडेही. पृथ्वीवरचा तो सगळ्यात मोठा विनाश. त्यातून कोण वाचलं, कोण संपलं याचा हिशोब जाती मोजूनच होतो. पिल्लांना वेगळी जात धरलं, की त्या हिशोबात कधी नव्हतेच असे प्राणी ‘नष्ट’ होतात, किंवा ‘नव्यानं’ जन्मतात.

आणि हो, लिस्ट्रोसॉरस आपल्याकडेही सापडलाय, पश्चिम बंगालमध्ये राणीगंजजवळच्या पंचेत खडकांत. अंटार्क्टिकातही सापडलाय. डुकराएवढा प्राणी समुद्र पोहून तिन्हीकडे जाणार नाही. तेव्हा हे सगळे भूखंड जोडलेलेच होते. मग बंगालच्या कवट्या कारूच्या रेषेवर बसतात का, हे बघायला तोच कॅलिपर पुन्हा हातात घ्यावा लागतो.