न घडलेल्या कथेचें स्मरण

एखाद्या कादंबरीकारानें तीनशें प्रकरणें लिहून झाल्यावर वाचकांस कळवावें कीं, आजवर आपण जें वाचलेंत त्यांतलें कांहींच घडलेलें नाहीं. नायक अद्याप सोळा वर्षांचा आहे, त्याचा विवाह झालेला नाहीं, त्याचा मित्र रणांत पडलेला नाहीं, आणि पुढच्या महिन्यापासून पहिलें प्रकरण नव्यानें सुरू होईल! अशा लेखकाला आपण काय म्हणूं? अमेरिकेंतील चित्रकथांच्या मासिकांत मात्र हा प्रकार इतका रूढ झालेला आहे कीं, त्याला स्वतंत्र नांवच आहे. संगणक बंद करून पुन्हां चालू करण्याच्या क्रियेवरून त्याला 'रीबूट' म्हणतात. आपण त्यास पुनरारंभ म्हणूं. अशा एकाच पुनरारंभाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. तो १९९४ सालीं झाला, आणि ज्यांनीं तो अनुभवला ते वाचक तीस वर्षें उलटून गेल्यावरही त्याच्याविषयीं बोलूं लागले म्हणजे त्यांचें एकमत होत नाहीं.

'लीजन ऑफ सुपर-हीरोज' या वीरसंघाचा जन्म एप्रिल १९५८ च्या 'ॲडव्हेंचर कॉमिक्स' मासिकाच्या २४७ व्या अंकांत झाला. लेखक ऑटो बाइंडर व चित्रकार ॲल प्लास्टिनो. कथा साधीच होती. तिसाव्या शतकांतील तीन तरुण कालयानांत बसून सुपरबॉयच्या, म्हणजे कुमारवयांतील सुपरमॅनच्या, भेटीस येतात आणि आपल्या संघांत येण्याविषयीं त्याची परीक्षा घेतात. एकाच कथेपुरती ही कल्पना होती. परंतु ती वाचकांना आवडली, संघ पुन्हां पुन्हां येऊं लागला, आणि १९६२ सालीं त्याला त्याच मासिकांत कायमची जागा मिळाली. प्रत्येक वीर निराळ्या ग्रहावरचा, प्रत्येकाची शक्ति निराळी. कोणी विजेचा झोत सोडतो, कोणी दुसऱ्याचें मन वाचतो, कोणी लोहचुंबकासारखा लोखंड खेंचतो.

या संघाची एक विशेष गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे, कारण पुढील सर्व कलहाचें मूळ तिच्यांत आहे. ही कथा आरंभापासून वाचकांनीं अर्धी आपली मानलेली होती. संघाचा नायक कोण असावा हें ठरविण्यासाठीं वाचकांचीं मतें मागविलीं जात. नवे वीर कसे असावेत हें मुलें पत्रांनीं सुचवीत व तीं पत्रें छापलीं जात. १९६६ सालीं जिम शूटर नांवाच्या मुलाच्या लीजनकथा प्रसिद्ध होऊं लागल्या, तेव्हां तो अवघा चौदा वर्षांचा होता! १९७६ सालीं चाहत्यांनीं 'इंटरलॅक' नांवाचें एक मंडळ काढलें. त्याचा प्रत्येक सभासद आपलीं पानें आपण छापी, त्यांच्या प्रती एका संपादकाकडे पाठवी, आणि संपादक सर्वांचीं पानें एकत्र करून प्रत्येकाला एकेक गठ्ठा परत धाडी. इंटरलॅक हें त्या कथांतील सर्व ग्रहांच्या सामाईक भाषेचें नांव. टॉम व मेरी बीअरबॉम हें दांपत्य याच मंडळांतलें; १९८९ नंतर तीं दोघें प्रत्यक्ष लीजनचे लेखक झालीं. वाचकाच्या ओसरीवरून लेखकाच्या माजघरांत जाण्याची वाट येथें मोकळी होती.

शिवाय हे वीर कायमचे बालक राहिले नाहींत. १९६७ सालीं फेरो लॅड हा पोलादी देहाचा मुलगा, सूर्य गिळणाऱ्या 'सन-ईटर'च्या गाभ्यांत बाँब घेऊन शिरला आणि मेला. त्या काळच्या चित्रकथांत मेलेला वीर दोनचार अंकांनीं परत येई. हा परत आला नाहीं. १९७८ सालीं लाइटनिंग लॅड व सॅटर्न गर्ल यांचें लग्न झालें. कोणी नायकपद सोडलें, कोणी संघ सोडला. दहा वर्षांच्या वयांत वाचूं लागलेला मुलगा तिशीला आला तरी त्याच्याबरोबर वाढलेले हे सोबती त्याला दरमहा भेटत राहिले.

मग ही कथा मोडण्याचें कारण काय झालें? १९८६ सालीं जॉन बर्न या लेखक-चित्रकारानें सुपरमॅनची कथा नव्यानें मांडली आणि तींत सुपरबॉय कधीं नव्हताच असें ठरलें. येथें घराचा पायाच काढून घेतल्यासारखें झालें, कारण लीजनचे वीर सुपरबॉयपासून स्फूर्ति घेऊनच एकत्र आले होते. मग ठिगळें लावणें सुरू झालें. प्रथम सांगितलें कीं, त्यांना भेटलेला सुपरबॉय एका लहानशा वेगळ्या विश्वांतला होता. पुढें तेंही पुसून त्याच्या जागीं दुसरा एक वीर बसविण्यांत आला. १९८९ पासून कीथ गिफन व बीअरबॉम दांपत्य यांनीं कथा पांच वर्षें पुढें नेऊन एक फुटलेला संघ व खचलेली पृथ्वी दाखविली. १९९२ सालीं ती पृथ्वीही नष्ट झाली. त्याच सुमारास जुन्या वीरांचींच कुमारवयीन प्रतिरूपें प्रकट झालीं आणि १९९३ पासून त्यांच्यासाठीं 'लीजनेअर्स' हें दुसरें मासिक निघालें. खरे कोण व प्रतिरूपें कोण, हा वाद चाहत्यांत रंगला. पण दुकानांत प्रथमच आलेल्या मुलानें हा अंक उचलावा कसा? माझ्या मतें पुनरारंभ करणाऱ्यांची अडचण खरी होती, आणि जुन्या वाचकांनीं ती क्वचितच मनमोकळेपणानें मान्य केली आहे.

१९९४ च्या 'झीरो अवर' या प्रकरणांत प्रकाशकांनीं आपल्या सर्व कथांचा कालक्रम पुन्हां लावला. लीजनपुरता त्याचा शेवट असा कीं, प्रौढ वीर व त्यांचीं तरुण प्रतिरूपें एकमेकांत विलीन होतात आणि पान पांढरें होत जातें. पुढल्याच महिन्याच्या अंकावर शून्य हा क्रमांक होता. तींत तीन अनोळखी तरुण आर. जे. ब्रँड नांवाच्या धनाढ्याचे प्राण वांचवितात, आणि छत्तीस वर्षांची कथा पहिल्या दिवसावर येते. लेखक मार्क वेड व टॉम मॅक्रॉ. लवकरच टॉम पायरही त्यांत आले. ली मोडर व जेफ मॉय या चित्रकारांनीं दोन मासिकें सांभाळलीं, आणि एकाच कथेचा धागा दोहोंतून आळीपाळीनें विणला जाऊं लागला.

बदल पुष्कळ झाले. 'लॅड', 'लास' हे शेपटासारखे लावलेले शब्द जुनाट वाटत, ते बहुतेक ठिकाणीं गेले. लाइटनिंग लॅड 'लाइव्ह वायर' झाला. एका देहाचे तीन देह करणारी मुलगी 'ट्रायड' झाली. प्रोजेक्ट्रा ही मायावी राजकन्या तर चक्क एक मोठी नागीण होऊन 'सेन्सर' या नांवानें आली. तिच्यावरून झालेलीं भांडणें कांहीं वाचक अजून हंसत हंसत सांगतात. पण खरा बदल याहून खोल होता. नव्या कथेंत ग्रहांचें ऐक्य नुकतेंच झालेलें आहे व ते एकमेकांकडे संशयानें पाहतात. संघाचे वीर हे ऐक्य टिकविण्यासाठीं निरनिराळ्या ग्रहांकडून घेतलेले आहेत. 'व्हाइट ट्रँगल' नांवाचा वंशाभिमानी गट ट्रॉम ग्रहावरील साऱ्या लोकांची कत्तल करतो आणि एलिमेंट लॅड हा एकटा मुलगा मागें राहतो. लहान मुलांच्या आनंदी वाटणाऱ्या मासिकांत हें वाचतांना अंगावर कांटा येतो.

येथें एका प्रसंगाजवळ जरा थांबूं. १९९६ सालीं 'द फायनल नाइट' या चार अंकांच्या कथेंत तोच सन-ईटर पुन्हां येतो, आपल्या काळांतल्या सूर्यावर. आणि विसाव्या शतकांत अडकून पडलेल्या लीजनच्या वीरांपुढें 'फेरो' नांवाचा एक कोंवळा मुलगा उभा राहतो. नव्या वाचकाला त्यांत एका धाडशी मुलापलीकडे कांहीं दिसत नाहीं. जुन्या वाचकाच्या मात्र छातींत धस्स होतें, कारण या दोन नांवांची गांठ पडली कीं काय होतें हें त्याला १९६७ पासून ठाऊक आहे. मुलगा खरोखरच यान घेऊन प्राणार्पणास निघतो. परंतु ऐन वेळीं हाल जॉर्डन हा पतित वीर त्याला सोडवून स्वतः तें कार्य करतो, आणि फेरो जगतो. आतां विचारावेंसें वाटतें कीं, जुनी कथा जर रद्द झाली होती, तर हा प्रसंग लेखकांनीं कोणासाठीं लिहिला? वाचकाकडून पूर्वस्मृतीची अपेक्षा नाहीं, या वचनावर पुनरारंभ झाला. आणि त्यांतील सर्वांत हृद्य क्षण मात्र ज्यांची स्मृति शाबूत होती त्यांनाच पुरतेपणीं लाभला. या मालिकेकडे मागें वळून पाहणाऱ्या चाहत्यांचें समाधान आणि त्यांची तक्रार, दोन्ही मला याच ठिकाणीं सांपडतात.

२००० सालीं दोन्ही मासिकें बंद झालीं व डॅन ॲब्नेट आणि अँडी लॅनिंग या जोडीनें 'लीजन लॉस्ट' ही बारा अंकांची कथा लिहिली. कांहीं वीर विश्वाच्या अनोळखी कोपऱ्यांत हरवले आहेत. तेथें त्यांना वाट दाखविणाऱ्या मुलीचें नांव 'शिकारी' आहे. आपलाच शब्द इतक्या दूरच्या नक्षत्रांत भेटल्याची मौज मराठी वाचकाला खचित वाटेल. तेथील क्रूर सत्ताधीश 'प्रोजेनिटर' म्हणजे कोट्यवधि वर्षें एकाकी जगून बुद्धि भ्रंशलेला एलिमेंट लॅडच आहे, असें शेवटीं उघड होतें. या काळोख्या कथेनें मालिकेचा निरागसपणा घालविला असें कांहीं चाहते म्हणतात. मला तें पटत नाहीं. ट्रॉमवरचा तो अनाथ मुलगा आधीं पांचसहा वर्षें डोळ्यांपुढें वावरला नसता, तर त्याचा अधःपात कोणाला झोंबला असता?

आणि मग २००४ सालीं नियतीनें तोच डाव पुन्हां टाकला. लीजन पुन्हां पहिल्या दिवसापासून सुरू झाली, आणि या वेळीं लेखक होते तेच मार्क वेड, चित्रकार बॅरी किटसन यांच्यासह. ज्यांनीं १९९४ सालीं बाराव्या वर्षीं शून्याचा अंक विकत घेतला होता ते आतां बावीस वर्षांचे झाले होते, आणि दहा वर्षांपूर्वीं वडील चाहते जी तक्रार करीत व ज्यांना हे पोर हंसत, तीच तक्रार आतां त्यांच्या तोंडीं आली. दोन पिढ्यांच्या वाचकांत कांहींसा समेट झाला तो यानंतर, असें माझें निरीक्षण आहे. प्रौढांनीं त्या मासिकांचे जुने गठ्ठे सोडून तीं पुन्हां वाचलीं; कित्येकांना पूर्वीं रागाच्या भरांत न दिसलेले गुण दिसले. या काळाचा एक संग्रह १९९९ सालीं निघाला होता. मोठे खंड २०१७ पासून निघूं लागले. मधल्या दीर्घ काळांत ही कथा ज्यांच्या पेट्यांत जुने अंक होते त्यांच्यापाशींच होती.

आपल्याकडे द्रौपदीस्वयंवराचें आख्यान दहा कीर्तनकार दहा तऱ्हांनीं लावतात, पण काल ऐकलेलें आख्यान आजपासून खोटें असें कोणी बुवा उत्तररंगांत सांगत नाहीं. अमेरिकन प्रकाशकांना सर्व मासिकांचा मिळून एकच इतिहास ठेवावयाचा असतो, म्हणून एक कथा खरी ठरतांच दुसरी खोटी करावी लागते. यावर त्यांनींच पुढें एक तोड काढली. २००८-०९ मध्यें जेफ जॉन्स व जॉर्ज पेरेझ यांनीं 'लीजन ऑफ थ्री वर्ल्ड्स' या पांच अंकांत तिन्ही लीजन एकत्र आणल्या आणि सांगितलें कीं, १९९४ ची लीजन निराळ्या पृथ्वीवरची होती. त्या पृथ्वीला २४७ हा क्रमांक दिला. म्हणजे १९५८ चा तो पहिलाच अंक. मात्र ती पृथ्वी आधींच नष्ट झालेली. कथेच्या शेवटीं उरलेले वीर परक्या जगांत आश्रय मागत नाहींत. 'वाँडरर्स' हें नांव घेऊन, आपल्या हरवलेल्या जगांतलें आणखी कोणी वांचलें आहे काय याचा शोध घेत ते विश्वाविश्वांतून फिरावयास निघतात. शिकारी वाट दाखविण्यास बरोबर आहे. हा सन्मानाचा निरोप होता कीं घराबाहेर काढण्याची सभ्य रीत, यावर चाहत्यांत आजही दोन पक्ष आहेत; पण त्या चित्रांतला प्रत्येक चेहरा ओळखून त्याचें नांव दोन्ही पक्षांना सांगतां येतें.