थरच्या वाळवंटातला मुक्काम

वाळवंट म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे शाळेच्या पुस्तकातले चित्र उभे राहते. वाळूच्या टेकड्या, त्यावर एक उंट आणि मागे मावळता सूर्य. राजस्थानात जैसलमेरच्या पश्चिमेला सम नावाचे गाव आहे, तेथे हे चित्र हुबेहूब पाहायला मिळते. पण जैसलमेर सोडून सम गाठेपर्यंत चाळीसएक किलोमीटर तुम्ही ज्या मुलुखातून जाता तो पुष्कळसा खडकाळ आणि मुरमाड आहे. खुरटी झुडपे, रुईची झाडे, मधूनच एखादी खेजडी. ही खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमीच. तेव्हा वाळूच्या टेकड्या हा थरच्या वाळवंटाचा एक भाग झाला, सगळे वाळवंट नव्हे. तिकडे जाऊन मुक्काम करायचा असेल तर पायाखाली काय आहे हे आधी पाहावे लागते.

जायचे केव्हा, असे विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात हौसेने जाण्याचा तो मुलूख नव्हे. जोधपूरहून जैसलमेरला जाताना वाटेत फलोदी लागते, तेथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तपमान नोंदले गेले. हिवाळ्यात दिवस सुखाचा जातो, रात्र मात्र फसवते. हवेत बाष्प नाही, आभाळात ढग नाही, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता भराभर टाकून देते आणि पहाटे दात वाजू लागतात. वाळवंटात जायचे म्हणून घोंगडी घरी ठेवणारे आमच्याही मंडळीत होते!

आमची मंडळी म्हणजे मी आणि महाविद्यालयाचे बारा विद्यार्थी. बरोबर दोन उंटगाड्या आणि एक वयस्क उंटवाले काका. महिना जानेवारीचा. पहिल्याच संध्याकाळी मला एक नामी जागा दिसली. चारी बाजूंनी किंचित उंच आणि मधोमध अंगणासारखी सपाट, टणक जमीन. मेखा चांगल्या बसतील, वारा लागणार नाही, असा हिशेब करून मी तंबू ठोकायला सांगितले. दोन तंबू उभेही राहिले. तेवढ्यात काका आले, त्यांनी टाचेने जमीन दाबून पाहिली आणि म्हणाले, ‘मास्टरजी, येथे नको. वर चला.’ वर म्हणजे शेजारच्या उंचवट्यावर, झुडपांच्या आडोशाला, जेथे वाळूत मेख धड उभी राहीना. मुले कुरकुरली. खरे सांगायचे तर मीही मनातून नाराज होतो. भूगोल शिकवणाऱ्याला जागा निवडता येत नाही की काय?

त्या रात्री काहीच झाले नाही. दुसऱ्या रात्री मात्र पावसाची एक सर आली. या हिवाळी पावसाला तिकडे ‘मावठ’ म्हणतात. आपला मावठा आणि त्यांचा मावठ, शब्द ऐकून मुलांना मोठी गंमत वाटली. उजाडल्यावर पाहतो तो माझ्या त्या नामी अंगणात घोटाभर पाणी, आणि आमच्या उंचवट्यावरची वाळू वरून जेमतेम ओली.

असे का व्हावे? वाळूत पडलेले पाणी लगेच खाली जिरते. पण जेथे माती चिकण असते, किंवा वाळूखाली थोड्याच खोलीवर जिप्समचा वा चिकणमातीचा घट्ट थर असतो, तेथे पाण्याची वाट अडते. वाटसरूच्या दृष्टीने ही मोठी अडचण. पण तेथे राहणाऱ्या माणसाचा संसार या अडचणीवरच उभा आहे. अनुपम मिश्र यांनी १९९५ साली ‘राजस्थान की रजत बूँदें’ या हिंदी पुस्तकात याचे सविस्तर वर्णन केले आहे. तिकडे पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचे सरळ मिळालेले ते पालर पाणी, खोल विहिरीतले ते पाताळ पाणी. हे पाताळ पाणी बऱ्याच ठिकाणी खारे असते. या दोहोंच्या मधले ते रेजाणी पाणी. पावसाचे जिरलेले पाणी घट्ट थराने अडते आणि खालच्या खाऱ्या पाण्यात न मिसळता वरच्या वाळूत ओल होऊन राहते. ती ओल म्हणजे रेजाणी पाणी.

आता वाळूतली ओल माणसाने प्यायची कशी? त्यासाठी कुंई खणतात. कुंई म्हणजे लहानशी, अरुंद विहीर. ती त्या थरापर्यंत नेतात, थर फोडत नाहीत. फोडला तर खाली जे आहे ते खारे! वाळू ढासळू नये म्हणून आतून दगड, लाकूड किंवा खींप नावाच्या झुडपाचा जाड दोर यांचे अस्तर देतात. मग भोवतालच्या वाळूतली ओल थेंब थेंब पाझरून तळाशी जमते. तोंड अरुंद ठेवायचे, म्हणजे ऊन आत शिरत नाही आणि पाण्याची वाफ कमी होते. दिवसभराची प्राप्ती मात्र दोन-तीन घागरी.

हा आकडा तुम्ही ध्यानात ठेवावा असे मला वाटते. तेरा माणसे एका वस्तीवर जाऊन ‘प्यायला पाणी द्या’ म्हणाली तर कोणी नाही म्हणणार नाही. पण ती एका घराचा दिवस पिऊन जातील. सतलज-बियासच्या संगमापाशी हरिके येथून निघालेल्या कालव्याचे, म्हणजे आजच्या इंदिरा गांधी कालव्याचे पाणी १९८७ साली जैसलमेर जिल्ह्यात पोचले आणि पुष्कळ गावांचे दिवस पालटले, हे खरे. तरी आडबाजूच्या ढाणीवर, म्हणजे वस्तीवर, आजही पाणी मोजूनच वापरतात. म्हणून आपले पाणी आपण न्यावे. हिवाळ्यात प्यायला व स्वयंपाकाला दर माणशी दर दिवशी पाच लिटर धरा, आणि वाट चुकली तर म्हणून एका दिवसाचे वेगळे बांधा. भांडी कोरड्या वाळूने घासा, लख्ख निघतात. जळणासाठी खेजडीला हात लावू नका. तिच्या शेंगांची, सांगरीची, तेथे भाजी होते आणि तिचा पाला शेळ्या-उंट खातात.

त्या घट्ट थराची दुसरी बाजूही सांगायला हवी. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात वर्षभराच्या सरासरीहून अधिक पाऊस थोड्या दिवसांत कोसळला. कवास नावाचे गाव पाण्याखाली गेले. वाळवंटात माणसे आणि जनावरे बुडून मेली. शेजारची वाळू पाणी पिऊन मोकळी झाली, पण कवासच्या सखल भागात खाली जिप्समचा थर, त्यामुळे पाणी जिरेना. ते कित्येक महिने तसेच साचून राहिले. काकांनी टाचेने जमीन का दाबून पाहिली, हे मला कवासची हकीकत वर्गात सांगताना नीट उमगले.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. सरहद्दीकडच्या गावांत जायचे असेल तर जैसलमेरलाच परवान्याची चौकशी करा. मोटार नेलीत तर वाळूत शिरण्यापूर्वी चाकांतली हवा थोडी कमी करा, म्हणजे चाक पसरते आणि रुतत नाही; पक्क्या सडकेवर आल्यावर ती पुन्हा भरून घ्या. जोडे सकाळी झाडून घाला, कारण आपल्याकडचे फुरसे तिकडेही आहे.

परत फिरलो त्या दिवशी आमच्याजवळ दीड डबा पाणी उरले होते. ओझे कमी करावे म्हणून एका विद्यार्थ्याने डबा ओतायला उचलला, तर काकांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला. वाटेत एक ढाणी लागली तेथे त्यांनी गाडी थांबवली, घरधनिणीची घागर मागून घेतली आणि सगळे पाणी त्यात गाळून ओतले.